काकांची नवी विद्या

आमच्या पडवीत खुंटीला एक जड लोखंडी पाना टांगलेला आहे. त्याची मूठ हाताळून हाताळून गुळगुळीत झाली आहे आणि जबड्याचे दोन दात केव्हाच झिजून गेले आहेत. घरी येणारा पाहुणा आधी पुस्तकांची कपाटे पाहतो, मग पान्याकडे पाहतो आणि विचारतो, "मास्तर, हे हत्यार तुमच्या घरी कसे?"

तो पाना माझ्या काकांचा.

काका १९६० साली मुंबईला गेले तेव्हा अठरा वर्षांचे होते. रत्नागिरीकडचा तरुण त्या काळी मुंबईला निघाला, की बहुधा गिरणीच्याच दारात उभा राही. काका साचेखात्यात विणकर झाले. परळच्या एका खोलीत दहाबारा गाववाले दाटीने राहत. एक पाळी कामाला गेली, की दुसरी तेथे झोपे. इकडे दर महिन्याला पोस्टमन त्यांची मनिऑर्डर घेऊन आमच्या अंगणात येई. माझ्या शाळाकॉलेजची फी त्याच पैशांतून भरली जात असे, हे येथेच सांगून ठेवतो. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापडगिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिन्यांमागून महिने गेले, तडजोड होईना. अनेक गिरण्यांचे भोंगे पुढे कायमचेच मुके झाले. काका पावसाळ्याच्या तोंडी गावी परतले, ते एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी घेऊन. वय चाळीस, शिक्षण सातवीपर्यंत, आणि हातात असलेली एकुलती एक कला अशी, की जिला आमच्या गावात काडीचाही उपयोग नव्हता. भाताच्या दोन खाचरांवर सहा माणसांचे पोट भरत नव्हते.

दोनतीन महिने ते ओटीवर बसून असत. त्यांची बोटे मात्र स्वस्थ नसत. सुतळीचा तुकडा हाती लागला, की तो उलगडायचा आणि पुन्हा जोडायचा. मग एके सकाळी त्यांनी आजीला सांगितले, "आई, मी नळाचे काम शिकणार."

"या वयात रे?" आजी म्हणाली.

"वय झाले म्हणून पोट थांबते का?"

त्यांना शिकवायला तयार झाला राजिवड्याचा एक तरुण मेस्तरी. वय बावीस. तो काकांना 'चाचा' म्हणे, आणि काका त्याला 'अहो मेस्तरी' म्हणत. आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत या कामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. काकांची संस्था म्हणजे त्या मुलाच्या सायकलचा मागचा कॅरियर. पहिले काही आठवडे त्यांनी नुसते नळ उचलले आणि चर खणले.

प्लंबर हा शब्द आता आपण मराठीच करून टाकला आहे. लॅटिन भाषेत शिशाला 'प्लंबम' म्हणतात, आणि रोमन लोक पाण्यासाठी शिशाचे नळ वापरीत. त्यावरून हा शब्द आला. शिशाची रासायनिक संज्ञा 'पीबी', तीही त्याच शब्दाची खूण. काकांना मी हे मोठ्या ऐटीत सांगितले. ते म्हणाले, "असेल. आमचे लोखंडी आहेत, आणि त्यांना आटे पाडावे लागतात."

लोखंडी नळाच्या तोंडावर आटे पाडायचे, त्यांवर सफेदा लावायचा, त्यावर धागा गुंडाळायचा आणि मग जोड आवळायचा, अशी ती रीत. नुसते लोखंड लोखंडावर कितीही आवळले, तरी पाणी वाट काढतेच; धागा ती वाट बुजवतो. येथे काकांचे नशीब उघडले. बावीस वर्षे त्यांनी मागावरचे तुटलेले धागे डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच जोडले होते. मेस्तरीने पाहिले, की चाचांचा धागा विरळ होत नाही, गाठाळत नाही, आणि ज्या दिशेने जोड आवळायचा त्याच दिशेने गुंडाळला जातो. उलटा गुंडाळला, तर जोड फिरवताना तो सगळा बाहेर येतो. त्या दिवसापासून धागा काकांकडे आला.

बाकीचे सहज जमले असे मात्र नाही. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि वैशाखात बायका घागरी घेऊन उतार उतरतात. जांभा दगड सच्छिद्र, जमीन उताराची. पाणी ठरतच नाही. म्हणून वरच्या झऱ्यापासून खालच्या वाडीपर्यंत नळ टाकायचे. एकदा असा नळ टाकला, झरा भरलेला, नळ कोठे फुटलेला नाही, तरी खाली थेंब येईना. काका दिवसभर जोड तपासत राहिले. संध्याकाळी मेस्तरी आला आणि नळ ज्या बांधावरून चढून पुन्हा उतरत होता, तेथला जोड त्याने थोडा सैल केला. फुस्सकन हवा निघाली. पाणी खाली धावले. उंचवट्यावर हवा कोंडली होती आणि तिने पाण्याची वाट अडवली होती. रात्री काकांनी कोळशाने अंगणात आकृती काढून मला हे समजावले. चाळीस वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी पूर्वी पाहिला नव्हता.

आता जे सांगावयाचे ते सांगितलेच पाहिजे.

मी नुकताच एका शाळेत शिक्षक झालो होतो. शाळेच्या अंगणातला नळ बिघडला आणि दुरुस्तीला मेस्तरी आणि काका आले. मधली सुट्टी होती. काका गुडघ्यांपर्यंत चिखलात बसले होते. मला पाहून ते हसले. शेजारच्या शिक्षकांनी विचारले, "ओळखीचे आहेत वाटते?"

"आमच्या वाडीतले आहेत," मी म्हणालो.

हे खोटे नव्हते. पण माझ्या अंगातला कडक इस्त्रीचा सदरा ज्यांच्या पैशांनी घडवला होता, त्यांना मी 'काका' म्हटले नाही. काकांनी ऐकले. काम झाल्यावर ते वर आले, हात पुसले आणि मुलांदेखत मला म्हणाले, "सर, नळ झाला."

'सर' हा शब्द पुढे पस्तीस वर्षे मी रोज ऐकला. तो तसा पुन्हा कधी लागला नाही.

त्याच आठवड्यात मी वर्गात नळराजाची गोष्ट सांगत होतो. राज्य गेल्यावर नळ बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाच्या पदरी सारथी झाला. वरुणाच्या वराने त्याने नुसते पाहिले, तरी रिकामी भांडी पाण्याने भरत. एका प्रवासात ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे क्षणात मोजून दाखवली. नळाने रथ थांबवला, खरेखोटे करून पाहिले, आणि आपली अश्वविद्या देऊ करून राजाची अक्षविद्या वाटेतच शिकून घेतली. मुलांना गोष्ट फार आवडली. मी मात्र ती सांगताना खिडकीबाहेरच्या नळाकडे पाहण्याचे टाळीत होतो.

काका घरी पूर्वीसारखेच बोलत राहिले. शाळेतील त्या दिवसाचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही. मीही केला नाही.

२०१७ साली मी निवृत्त झालो. काका तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते. एके दिवशी आमच्या मोरीचा नळ गळू लागला, तेव्हा मी तो पाना घेऊन त्यांच्यापुढे बसलो आणि म्हटले, "काका, मला शिकवा." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. आता सफेदाधाग्याऐवजी पांढरी पट्टी असते. तिला ते धाग्याची नात म्हणत. मी ती गुंडाळली.

"उलटी," काका म्हणाले. "काढ."

मी काढली, पुन्हा गुंडाळली. पुन्हा चुकली. खाली मान घालून पट्टी उलगडताना माझ्या तोंडून निघाले, "काका, त्या वर्षी शाळेत तुम्ही नळ दुरुस्त करायला आला होतात, तेव्हा मी—"

"बाबू," ते म्हणाले, "वरचा कॉक बंद केलास का आधी?"

मी केला नव्हता. जुना नळ सुटला आणि पाण्याची धार माझ्या छातीवर आली. काका खुर्चीत मागे रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "जा, बंद करून ये. आणि पट्टी नवी घे, ती भिजली."