कथिलाच्या गावातला शनिवार

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून निघालेली गाडी टेमार नदीवरचा १८५९ सालचा लोखंडी पूल ओलांडते आणि कॉर्नवॉल सुरू होते. आणखी पुढे रेडरूथ. एव्हाना प्रवासाला पाचएक तास झालेले असतात. बहुतेक पर्यटकांना समुद्रकिनारा हवा असतो, म्हणून ते इथे उतरत नाहीत. तुम्ही मात्र सप्टेंबर ते एप्रिलमधला एखादा शनिवार गाठून जरूर उतरा.

गावाभोवती दगडी धुराडी उभी दिसतात. ही तांब्या-कथिलाच्या खाणींवरची जुनी इंजिनघरे. रेडरूथ आणि शेजारचे कॅम्बोर्न, दोन्ही गावे खाणींवरच वाढली. धंदा बसू लागला तसे इथले खाणकामगार जगभर पांगले. आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींतही ते आले होते. दोन्ही गावांच्या मधली साउथ क्रॉफ्टी ही इथली शेवटची कथिलाची खाण १९९८ साली बंद पडली. रग्बी मात्र टिकली. रेडरूथचा क्लब १८७५ चा, कॅम्बोर्नचा १८७८ चा.

खेळ समजायला अवघड नाही. पंधरा-पंधरा गडी, लांबट चेंडू. तो घेऊन पुढे धावायचे, पण हाताने द्यायचा तो मागच्यालाच. पकडीचा जोर पाहून कबड्डी आठवते. टीव्हीवर दिसणाऱ्या बड्या संघांच्या कितीतरी पायऱ्या खाली हे क्लब खेळत आले आहेत. इथे खेळून घर चालत नाही. बहुतेकांची नोकरी-धंदा वेगळा. त्यात कॉर्नवॉल देशाच्या एका टोकाला! परगावचा सामना म्हणजे पहाटे बसमध्ये चढायचे, ऐंशी मिनिटे चिखलात झुंजायचे आणि रात्री ठणकत्या अंगाने परतायचे. सामना जिंकला तर तालिकेत चार गुण. सात किंवा त्याहून कमी फरकाने हरले तरी एक गुण पदरात पडतो. हरणाऱ्याला बक्षीस कशाला, असे आपल्याला वाटेल. पण एप्रिलमध्ये खालच्या पायरीवर घसरायची वेळ येते, तेव्हा हाच एक गुण संघाला तारतो.

रेडरूथच्या मैदानातल्या एका कोपऱ्याला ‘हेलफायर कॉर्नर’ म्हणतात, म्हणजे नरकाग्नीचा कोपरा. तिथल्या प्रेक्षकांच्या आरडाओरड्याने पाहुण्या संघाला घाम फुटतो. खायला गरम पेस्टी घ्यावी. गोमांस, बटाटा आणि कांदा भरलेली, कडेला मुरड घातलेली ही आपल्या करंजीची थोरली बहीणच. (मांस वर्ज्य असेल तर आधी विचारून घ्या, भाज्यांचीही मिळते.)

कॉर्नवॉलच्या संघाने १९९१ साली लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर यॉर्कशायरला जादा वेळेत २९-२० असे हरवून काउंटी अजिंक्यपद मिळवले. त्या दिवशी हजारो कॉर्निश माणसे लंडनला लोटली होती. म्हातारे अजून त्याच्याच गोष्टी सांगतात.

खरी चुरस मात्र नाताळच्या दुसऱ्या दिवशीच्या रेडरूथ-कॅम्बोर्न सामन्याची. दोन्ही गावांत जेमतेम सहा किलोमीटरचे अंतर, त्यामुळे दोन्हीकडे नातीगोती. संघ वेगवेगळ्या पायऱ्यांवर असले, तर या सामन्याचा एकही गुण तालिकेत धरला जात नाही. पण पुढच्या नाताळपर्यंत मेहुण्याला टोमणे मारायला तेवढा विजय पुरतो.