चंद्राच्या ओढीत फंडीचं आखात

कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात होपवेल रॉक्स नावाची जागा आहे. तिथे जिना उतरलं की आपण थेट समुद्राच्या तळावर पोचतो. पाणी निघून गेलेलं असतं. पायाखाली तपकिरी चिखल, सभोवती तीन-चार मजली उंचीचे लालसर खडक. बुंध्याशी झिजून बारीक झालेले, माथ्यावर मात्र हिरवी झाडं. मान वर केली तर डोक्याच्याही बऱ्याच वर खडकाला ओलं शेवाळ लोंबत होतं. सहा तासांपूर्वी तिथे समुद्र होता!

मी कोकणची भरती पाहिलेली आहे. मुंबईत साडेचार मीटरच्या भरतीचा इशारा निघाला की सगळं शहर सावध होतं. इथे दहा-बारा मीटरचा चढ-उतार रोजचाच, दिवसातून दोनदा. याच फंडी आखाताच्या दुसऱ्या फाट्यात, नोव्हा स्कॉशियातल्या बर्न्टकोट हेड इथे तो सोळा मीटरपर्यंत जातो. अल्मा गावच्या धक्क्यावर मच्छीमारांच्या बोटी ओहोटीला चक्क तळावर बसलेल्या असतात आणि गावाला त्याचं काहीच वाटत नाही.

हे सगळं ३,८४,००० किलोमीटरवरचा चंद्र करतो, हे शाळेत पाठ केलं होतं. त्या चिखलात उभं राहिल्यावर ते मनाला भिडलं. भरती नुसत्या ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूवर त्याची ओढ पृथ्वीच्या केंद्रापेक्षा साधारण तीन टक्क्यांनी जास्त असते आणि पलीकडच्या बाजूवर तितकीच कमी. म्हणून पाणी दोन्हीकडे फुगतं आणि भरती दिवसातून दोनदा येते. सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या पावणेदोनशे पट आहे, पण तो इतका लांब आहे की त्याच्या ओढीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फारसा फरक पडत नाही. भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. अमावस्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास त्या ओढी एकमेकींना छेदतात, तेव्हा भांगाची लहान भरती. न्यूटनने १६८७ साली हा हिशेब मांडला.

मला थक्क केलं ते पुढच्या गोष्टीने. चंद्राचं हे भरती आणणारं बळ पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम नव्वद लाखावा भाग! खुल्या महासागरात त्याने पाणी मीटरभरही हलत नाही. मग फंडीतच एवढा कहर का? कारण आखाताची लांबी आणि खोली. इथलं पाणी एकदा हेलावलं की आत जाऊन परत यायला त्याला साधारण तेरा तास लागतात, आणि अटलांटिकची भरती दर १२ तास २५ मिनिटांनी दारात येते. झोपाळा परतीला लागताच कुणी नेमका हात लावावा, तसा प्रत्येक वेळी धक्का बसतो आणि हेलकावा वाढत जातो. चंद्र तर सगळ्या किनाऱ्यांना सारखाच. त्याला असा प्रतिसाद देणारा किनारा विरळा.

भरतीचा हिशेब किती आधी मांडता येतो, याचीही इथे एक गोष्ट आहे. स्टीफन सॅक्सबी या ब्रिटिश नौदलातल्या अधिकाऱ्याने १८६८ साली लंडनच्या वर्तमानपत्राला पत्र लिहून पुढच्या वर्षीच्या ५ ऑक्टोबरसाठी धोक्याची सूचना दिली होती. त्या दिवशी अमावस्या, शिवाय चंद्र पृथ्वीच्या अगदी जवळ आणि विषुववृत्तावर. बरोबर त्याच वेळी फंडीवर चक्रीवादळ येऊन थडकलं, बांध फुटले, शेतं बुडाली, माणसं गेली. वादळ चंद्राने आणलं नव्हतं, तो योगायोग होता. पाण्याची चढती मात्र आकाशातल्या गणिताने वर्षभर आधी सांगता आली, आणि त्या काळाचा विचार करता मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

होपवेलला थोड्या वेळाने तिथल्या रक्षकांनी सगळ्यांना वर बोलावलं. पाणी तासाला दोनेक मीटर चढतं, त्यात रेंगाळायची सोय नाही.

फंडीला गेलात तर भरतीचं वेळापत्रक पाहून एकाच जागी दोनदा जा, एकदा ओहोटीला आणि एकदा भरतीला. तेवढं लांब जाणं जमणार नसेल, तर येत्या अमावस्येला कोकणातल्या एखाद्या खाडीच्या काठावर सहा तास बसून पाहा.