मधल्या माणसाचं देणं

क्लायमॅक्स लॉरेन्सशी माझी ओळख नाही. त्याच्याशी कधी दोन शब्द बोललो नाही, की सहीसाठी त्याच्या पुढ्यात वही धरली नाही. तरीही फुटबॉल कुणी शिकवला असं विचारलं, तर पेठेतल्या थोरल्या खेळाडूंच्या जोडीनं गोव्याच्या या मिडफिल्डरचं नाव माझ्या तोंडी येतं.

मी कोल्हापूरचा. इथले फुटबॉल संघ तालमींचे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. कुणाच्या बाजूनं ओरडायचं हे घर कुठल्या गल्लीत आहे त्यावर ठरतं. शाहू स्टेडियमवर दोन पेठा समोरासमोर आल्या की त्या दुपारी शहरात दुसरा विषय नसतो. मी हाफ खेळायचो. दम चांगला म्हणून मला मध्ये ठेवलेला. कुणी बॉल घेऊन आला की त्याच्या मागं धावायचं आणि बॉल मिळाला की पुढं घालायचा, एवढीच शिकवण. दोन सेकंद पायात ठेवला तरी गॅलरीतून हाक यायची, "सोड की रं, घरी नेतोयस काय?" कौतुक फॉरवर्डचं. ते रास्तही होतं, कारण गोल त्याचे असायचे. पण आपण मैदानात नेमकं काय करतो हे हाफला सांगणारं कुणी नव्हतं.

मामेभाऊ नोकरीनिमित्त मडगावला राहायचा. सुट्टीत त्याच्याकडे गेलो की फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर सामना ठरलेला. तो काळ डेम्पोचा होता. आर्मांद कुलासो प्रशिक्षक. मागं महेश गवळी आणि समीर नाईक, मध्ये ब्राझीलचा बेटो, कडेनं क्लिफर्ड मिरांडा आणि पुढं नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. या संघानं 2004-05 आणि 2006-07 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. पुढं आय-लीग सुरू झाली, तिचं 2007-08 चं पहिलंच विजेतेपदही त्यांनीच मिळवलं आणि 2009-10, 2011-12 मध्ये पुन्हा करंडक नेला. एकाच क्लबची देशातली पाच विजेतेपदं! त्याच वर्षांत या संघाच्या मध्यभागी क्लायमॅक्स उभा असायचा.

सुरुवातीला माझी नजर अर्थातच बेटोवर आणि रँटीवर. बेटोच्या पायात बॉल आला की मैदान मोठं झाल्यासारखं वाटायचं. भाऊ मात्र एकदा म्हणाला, "तू हाफ ना? मग बॉल कशाला बघतोस? दहा मिनिटं फक्त ताका पळय." म्हणजे त्याला बघ. त्यानं बोट दाखवलं ते क्लायमॅक्सकडे.

बॉल सोडून माणूस बघणं सोपं नसतं, डोळे आपोआप बॉलकडं पळतात. पण हट्टानं बघत राहिलो. पहिली गोष्ट दिसली ती मान. बॉल त्याच्याकडं येण्याआधी तो एकदा डाव्या खांद्यावरून मागं बघायचा आणि एकदा उजव्या. बॉल पायाशी पोहोचेपर्यंत पाठीमागं कोण कुठं आहे हे त्याला ठाऊक असायचं, म्हणून एका स्पर्शात तो बॉल सोडू शकायचा. दुसरी गोष्ट उभं राहणं. पासाकडं सरळ तोंड करून तो उभा नसायचा, अंग जरा तिरकं ठेवायचा. त्यामुळं बॉल घेतानाच अर्धं मैदान समोर यायचं आणि वळण्यात जाणारा वेळ वाचायचा. तिसरी गोष्ट समजायला मला बराच वेळ लागला. डेम्पोचा कडेचा बॅक हल्ल्यासाठी वर चढला की हा गुपचूप त्याच्या सोडलेल्या जागेकडं सरकायचा. तिकडं टाळ्या पुढच्यांना पडत असायच्या आणि इकडं हा हल्ला फसला तर काय, याची तजवीज करून उभा. लांब मारलेला बॉल हेड होऊन खाली पडतो, तो पडणार कुठं हे ओळखून तिथं आधी जाणं हेही त्याचंच काम. घरच्या लग्नात सगळे मांडवात फोटो काढत असताना जो भाऊ आचाऱ्याकडं आणि पाण्याच्या टँकरकडं बघत असतो, तसा तो होता.

त्या दहा मिनिटांत त्यानं बॉलला फार वेळा पाय लावला नाही. पण प्रतिस्पर्ध्यांचा मधून येणारा रस्ता बंद झालेला होता आणि ते कडेकडेनंच खेळत होते. हाफचं काम नुसतं धावण्याचं नाही, धावावं लागू नये अशा जागी आधीच असण्याचं आहे, हे मला तिथं उमगलं. मागं धावणारा दमदार असेल, पण त्याला उशीर झालेला असतो. हे शहाणपण मला कुठल्याही शिबिरात मिळालं नव्हतं.

आता गंमत बघा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोलांची तयारी करणारा हा माणूस देशाच्या आठवणीत आहे तो स्वतःच्या एका गोलामुळं. 30 जुलै 2008, हैदराबाद, एएफसी चॅलेंज कपचा पहिला सामना. समोर अफगाणिस्तान. नव्वद मिनिटं संपली तरी गोल नाही. भरपाईच्या वेळेत क्लायमॅक्सनं गोल केला आणि भारत 1-0 नं जिंकला. पुढं ताजिकिस्तानशी बरोबरी, तुर्कमेनिस्तानवर आणि उपांत्य सामन्यात म्यानमारवर विजय. 13 ऑगस्टला दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर अंतिम सामन्यात ताजिकिस्तानला 4-1 नं हरवलं, त्यात सुनील छेत्रीची हॅटट्रिक. बॉब हॉटन तेव्हा प्रशिक्षक होते. या विजेतेपदामुळं भारताला 2011 च्या आशियाई चषकाचं दार उघडलं. 1984 नंतर पहिल्यांदाच, म्हणजे तब्बल 27 वर्षांनी.

त्या आशियाई चषकात दोह्यात काय झालं तेही सांगायला हवं. ऑस्ट्रेलियाकडून 0-4, बहारीनकडून 2-5, दक्षिण कोरियाकडून 1-4. तिन्ही सामने हरलो. टिम केहिल आणि पार्क जी-सुंग यांच्यासारख्या खेळाडूंसमोर आपला मध्य किती तोकडा पडतो हे सगळ्यांनी पाहिलं. पण तिथवर पोहोचलो नसतो तर हेही कळलं नसतं. 2012 मध्ये क्लायमॅक्सनं आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती घेतली.

माझं खेळणं पेठेच्या पलीकडं गेलं नाही. नोकरी शाळेत खेळाच्या शिक्षकाची लागली आणि हे देणं तिथं फेडता येतंय. माझ्या मुलांना मी एक सराव रोज देतो. पास घेणाऱ्या पोराच्या पाठीमागं दुसरा पोरगा उभा करतो. पास निघाला की मागचा हाताची बोटं वर करतो, कधी दोन, कधी चार. बॉल पायात येण्याआधी पुढच्यानं खांद्यावरून बघून आकडा ओरडायचा. आकडा चुकला की पास वाया. सुरुवातीला पोरं वैतागतात. "सर, बॉल बघायचा का बोटं?" असं विचारतात. "दोन्ही, पण बोटं आधी," हे माझं ठरलेलं उत्तर. काही आठवड्यांत मान आपोआप वळू लागते. सातवीतलं एखादं किडकिडीत पोरगं पास येण्याआधी दोन्हीकडं बघून घेतं आणि पाठीवर येणाऱ्या धिप्पाड गड्याला एका स्पर्शात चकवतं, तेव्हा मला फातोर्ड्याचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. या पोरांनी क्लायमॅक्सला खेळताना पाहिलेलं नाही, पण त्याची मान त्यांच्याकडं आली आहे.

डेम्पोसह गोव्याच्या तीन क्लबांनी 2016 मध्ये आय-लीग सोडली, तेव्हा फार वाईट वाटलं होतं. 2024 मध्ये डेम्पो पुन्हा त्या लीगमध्ये आला. क्लब जातात, येतात. मैदानाच्या मध्यावर राबणाऱ्याचं नाव मात्र एरवीही बातमीत नसतंच.

म्हणून कोल्हापूरच्या, मुंबईच्या, गोव्याच्या फुटबॉलवेड्यांना एक विनंती. पुढच्या सामन्यात दहा मिनिटं बॉल सोडा आणि तुमच्या संघाचा हाफ बघा. तो चांगला खेळला असेल तर बाहेर पडताना त्याला तसं सांगा. गोल करणाऱ्याला सांगणारे पुष्कळ असतात.