रत्नकंपनीचे कागद

आमच्या आप्पाकाकांनी 1994 साली रत्नांची खाण काढायचे ठरवले, तेव्हा कंपनीचे छापील कागद आधी तयार झाले. खाण मागाहून यायची होती.

काका चिंचणीचे डायमेकर. चिंचणी-तारापूरकडच्या कितीतरी घरांतून चालते तेच काम. ओटीवर बसून पोलादाच्या ठोकळ्यात दागिन्याची नक्षी उलटी कोरायची. त्यावर पत्रा ठोकून सराफाने ती उठवायची. जन्मभर दुसऱ्याच्या सोन्याला रूप दिलेल्या माणसाला स्वतःचे काही मोलाचे असावेसे वाटले, तर नवल काय?

निमित्त झाले बोईसरच्या पूर्वेकडील एका दगडखाणीचे. सुरुंगाने फुटलेल्या कातळातून निघालेला मुठीएवढा दगड तिथल्या ओळखीच्या मुकादमाने त्यांना दिला. बाहेरून काळाकभिन्न, आत पोकळी आणि तिच्यात पाण्यासारखे नितळ स्फटिक! आपल्या कातळाची ही जुनी गंमत आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे राहिले आणि पुढे त्या पोकळ्यांत खनिजे साचली. 1863 साली सुरू झालेला बोरघाटाचा रेल्वेमार्ग खोदतानाही असे स्फटिक सापडले होते.

झाले! पालघरला कचेरी, बोईसरला पॉलिशची चाके, पैलू पाडायला खंबातचे अकीक घडवणारे कारागीर. भांडवल तेवढे काकूंच्या पाटल्यांत अडकलेले. काकू म्हणाल्या, “आधी दगड दाखवून तर या. पाटल्या कुठे पळून जात नाहीत.”

मुंबईच्या एका जाणकाराने दगड पाहताच नाव सांगितले: अपोफिलाइट. दिसायला देखणा, पण कठीणपणात दहांपैकी जेमतेम पाच. गारगोटी आणि अकीक सातच्या आसपास असतात, म्हणून ते अंगठीत टिकतात. हा मात्र नेमका ठोका बसला की पापुद्र्यासारखा सुटतो. काकांना ते पटले नाही. घरी येऊन त्यांनी आपली पोलादी कोरणी काढली आणि स्फटिकावरून हलकेच ओढली. पांढरी रेघ उमटली. त्या दिवशी काका जेवायला उठले नाहीत.

खाणमालकाने तर विषयच झटकला. त्याची खडी ब्रासवर विकली जायची. चार स्फटिकांसाठी तो क्रशर कशाला थांबवील?

असे दगड न घासता, न फोडता, जसे निघाले तसेच हौशी लोक विकत घेतात, हे मागाहून कळले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तर ते काचेआड राजासारखे बसलेले आहेत. मी काकांना तसे सांगितलेही. ते म्हणाले, “जो अंगावर घालता येत नाही तो दागिना कसला?” डायमेकरच तो!

छापील कागद मात्र वाया गेले नाहीत. रत्नकंपनीच्या भपकेदार नावाखाली काकांनी पुढे कितीतरी वर्षे डायांचे हिशेब लिहिले. रेघ उमटलेला दगड ओटीवर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असे. पाटल्या आता धाकट्या सुनेच्या हातांत आहेत. त्यांवरची वेलबुट्टी काकांच्याच डायची.