रात्रीपुरती जागा

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, सावंतवाडी डेपोत. महिन्यातल्या बऱ्याच रात्री ते वस्तीच्या गाडीवर असत. संध्याकाळची शेवटची फेरी आडगावी न्यायची, रात्री तिथेच थांबायचं आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून परत आणायची. मुक्कामाला खोली वगैरे नसे. बाबा मागच्या लांब सीटवर आडवे होत, कंडक्टर मधल्या वाटेत पथारी टाके. उन्हाळ्यात दोघेही टपावर. गावातून कुणीतरी भाकरी आणि कढी आणून देई. कुठल्या देवळासमोर गाडी लावली की निवांत झोप लागते, कुठे पाण्याची कळशी न मागता येते आणि कुठे लोक अपरात्री येऊन ‘गाडी जरा पुढे घ्या’ म्हणतात, हे सगळं बाबांना तोंडपाठ होतं. कुठलं गाव चांगलं आणि कुठलं वाईट, हे ते त्यावरूनच ठरवत.

गाडीत झोपता येतं हे त्यामुळे ठाऊक होतं. गाडीत अख्खा संसार थाटता येतो, हे मात्र गोव्यात पाहिलं. म्हापशाला मावशीकडे गेलो की बाबा आम्हाला हणजूणच्या किनाऱ्यावर नेत. सत्तरच्या दशकातला तो हिप्पींचा काळ. माडांखाली फोक्सवॅगनच्या धुळकट गाड्या उभ्या असत. इस्तंबूल, तेहरान, मशहद, हेरात, कंदाहार, काबूल, खैबरखिंड, लाहोर, दिल्ली असा रस्ता तुडवत त्या आलेल्या. मी काचेला नाक लावून आत बघे. पट्ट्यापट्ट्यांचे पडदे, दोन बर्नरची शेगडी, दिवसा बाक आणि रात्री पलंग होणारी फळी. बाबा मात्र गाडीच्या मागच्या बाजूला. तिथे इंजिन होतं आणि त्याला रेडिएटरच नव्हता. हवेवर थंड होणारं इंजिन. आंबोलीच्या घाटात उकळत्या रेडिएटरमध्ये पाणी ओतण्यात ज्याची नोकरी सरत होती, त्याला हे पटेना. घरी आल्यावर आईला पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, “हेका पाणीच लागणा नाय!” आईला रेडिएटरचं काही पडलेलं नव्हतं. तिनं विचारलं, “आणि बायलेक वांगडाक घेवन फिरता तो?” बाबांच्या वस्तीच्या रात्री आई आम्हाला घेऊन एकटी काढत असे. तिच्या प्रश्नातली असूया मला फार उशिरा कळली.

1979च्या फेब्रुवारीत इराणमध्ये क्रांती झाली, डिसेंबरात रशियाचं सैन्य अफगाणिस्तानात शिरलं आणि तो रस्ता मिटला. माडांखालच्या गाड्या विरळ होत गेल्या. माझ्या डोक्यात मात्र तोवर त्या रस्त्याचा नकाशा पक्का झाला होता. शाळेच्या अ‍ॅटलासमध्ये मी तो उलट दिशेनं, सावंतवाडीहून बाहेर जाणारा, पेन्सिलीनं काढला होता.

पुढे बँकेत लागले. मुंबईतली भाड्याची खोली, मग ठाण्यातलं एका बेडरूमचं घर, बदल्या, एलटीसीच्या सहली. परदेश पुस्तकांतूनच भेटत होता. त्याच काळात डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ वाचनात आला. नौदलातला निवृत्त सर्जन. 1885 साली त्यानं ब्रिस्टलच्या कारखान्यात एक घोडागाडी बांधून घेतली, नाव ठेवलं ‘वाँडरर’. आत मॅहॉगनीचं काम, पुस्तकांचं कपाट, दिमतीला नोकर. गाडी एवढी अवजड की अरुंद रस्त्यांवर समोरच्यांना सावध करायला एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई. इंग्लंडातून थेट इन्व्हर्नेसपर्यंत डॉक्टर असे फिरले. केवळ मौजेसाठी चाकांवर राहणाऱ्यांचा आद्यपुरुष म्हणून त्यांचं नाव घेतात.

वाचताना मजा वाटली, आणि मग एक सन आठवला. 1871. इंग्रजांनी हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला तो त्या वर्षी. पुढे मुंबई इलाखाही त्याखाली आला. पारधी, कैकाडी अशा जमातींच्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. परवान्याशिवाय रात्री दुसरीकडे आढळणं हाच गुन्हा. डॉक्टरांची गाडी ज्या जिप्सींच्या गाड्यांवरून सुचली, त्या जिप्सींनाही इंग्लंडात गावोगावचे लोक हुसकावतच होते. एकाच साम्राज्यात, एकाच काळात, एकाचं भटकणं छंद होतं आणि दुसऱ्याचं अपराध. तेव्हापासून मी कुठलाही देश बघायचा म्हटला की आधी हे शोधते: अनोळखी माणसाला हा देश एक रात्र कशी काढू देतो? बाबांची पद्धत, फक्त गावांच्या जागी देश.

निवृत्तीनंतर भाड्याची मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन फिरायचं ठरलं. पहिला देश निवडला न्यूझीलंड. गाडी डाव्या बाजूनं चालवायची, आपला इंग्रजीतला परवाना चालतो, आणि चालवणारी मी. नवरा शेजारी, नकाशा आणि सूचना यांचा प्रमुख. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यानं जाणारा सहा नंबरचा महामार्ग म्हणजे एका बाजूला टास्मान समुद्र, दुसऱ्या बाजूला बर्फाचे डोंगर आणि मधे जागोजाग एकपदरी पूल. पुलापाशी पाटीवरचे दोन बाण सांगतात कुणी थांबायचं. आपला बाण लाल आणि लहान असेल तर थांबायचं. समोरचा हात हलवून पुढे जातो. मिलफर्डच्या वाटेवर 1954 साली खुला झालेला होमर बोगदा लागतो, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा. त्याच्या तोंडाशी केआ नावाचे हिरवट पोपट गाड्यांचं रबर कुरतडायला टपलेले असतात. पुकाकी तळ्याच्या निळ्याशार पाण्यापलीकडे 3,724 मीटर उंचीचा औराकी दिसला तेव्हा मी गाडी बाजूला घेतली, पोहे टाकले आणि दार उघडं ठेवून डोंगर बघत खाल्ले. हॉटेलातल्या कुठल्याही खिडकीनं हे दिलं नसतं.

पण तो देश मला आवडला त्याच्या अटींसाठी. 2011च्या कायद्यानं तिथे सरकारी जागांवर गाडीत मुक्काम करण्याचे नियम घातले. बऱ्याच ठिकाणी परवानगी मिळते ती ‘स्वयंपूर्ण’ म्हणून प्रमाणपत्र असलेल्या गाडीलाच: तीन दिवस पुरेल एवढं पाणी सोबत हवं, सांडपाणी आणि मैला साठवायची सोय हवी. 2023च्या दुरुस्तीनंतर तर संडास गाडीत कायमचा बसवलेलाच लागतो. म्हणजे देश सांगतो, राहा, पण मागे काही ठेवू नका.

आणि मागे काही ठेवायचं नाही याचा अर्थ असा की संडासाची टाकी भरली की ती आपणच उपसून, डंप स्टेशनवर नेऊन रिकामी करायची आणि धुवायची. गावोगावी पाट्या असतात, नळ असतो, बहुतेक ठिकाणी पैसेही लागत नाहीत. निवृत्त इंजिनीअर, शाळकरी पोरं, लिपस्टिक लावलेल्या आज्या सगळे रांगेत टाक्या घेऊन उभे. सावंतवाडीतल्या आमच्या भाड्याच्या घरामागे टोपलीचा संडास होता. तो साफ करणारी बाई मागच्या बोळातून येई आणि तिथूनच जाई. तिचं नाव आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं पहिल्या दिवशी नाकाला रुमाल बांधला, दुसऱ्या दिवशी नुसते हातमोजे घातले, नंतर तो रांगेतल्या लोकांशी रग्बीवर बोलू लागला. या प्रवासानं डोंगर-तळी दाखवली त्याहून मोठी गोष्ट ही दाखवली, की काम तेच असतं. ते कुणी करायचं हे ठरवून टाकलं की त्याची घाण होते.

युरोपची गोष्ट अर्जापासून सुरू झाली. शेंगेन व्हिसाचा अर्ज विचारतो की प्रत्येक रात्री तुम्ही कुठे राहणार, आणि त्याचे कागद दाखवा. मोटारहोमची सगळी गंमत दुपारी चार वाजता ठरवण्यात आहे: पुढे जायचं, की हे गाव बरं दिसतंय म्हणून इथेच थांबायचं. ते अर्जात कुठे लिहिणार? एखाद्या जर्मन जोडप्याला नॉर्वेला निघताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यानं प्रत्येक रात्र आधी सांगायची. मी निमूटपणे कॅम्पिंगच्या तळांची आगाऊ नोंदणी केली. 1871 आठवलं नाही असं नाही, पण तुलना आवरली. मी बँकेची पेन्शनर, हौसेनं निघालेली.

मुलगी श्टुटगार्टला असते, म्हणून सुरुवात जर्मनीपासून. तिथला एक नियम वाचून बाबा आठवले. सार्वजनिक वाहनतळावर मनाई नसेल तर गाडीत एक रात्र झोपता येतं. कारण कायद्यानं मानलेलं आहे, की थकलेल्या चालकानं पुन्हा गाडी चालवण्यालायक झालं पाहिजे. खुर्च्या बाहेर मांडल्या, छत उघडलं की मात्र ते कॅम्पिंग झालं आणि नियम बदलला. झोपा, पण पसरू नका. वस्तीच्या गाडीचा कायदा याहून वेगळा काय होता!

दक्षिणेकडे आल्प्सच्या पायथ्याशी इझ्नी नावाचं गाव आहे. तिथल्या डेटलेफ्स कुटुंबाचा चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवण्याचा कारखाना. घरचा मुलगा आरिस्ट विक्रीसाठी गावोगाव फिरे. त्याची बायको फ्रीडेल चित्रकार; नवरा दौऱ्यावर आणि आपण घरात, हे तिला मान्य नव्हतं. म्हणून 1931 साली त्यानं गाडीमागे ओढायचं छोटंसं घर बनवलं, ज्यात तिला चित्रं काढता येतील आणि दोघांना राहता येईल. जर्मनीतला पहिला कॅरव्हॅन म्हणून तो ओळखला जातो आणि त्यातूनच पुढे मोठा उद्योग उभा राहिला. एवढी गोष्ट आईला सांगायची राहून गेली. तिनं ती दोन वाक्यांत निकालात काढली असती, पण ऐकली नक्की असती.

आता यादीवर काय उरलं, असं लोक विचारतात. आइसलँड एकेकाळी वर होतं. देशाला वळसा घालणारा एक नंबरचा रस्ता, सुमारे 1,320 किलोमीटर, 1974 साली दक्षिणेतल्या वाळवंटी पुरमैदानावर पूल झाला तेव्हा पूर्ण झाला. हिमनद्यांचे तुकडे तरंगणारं सरोवर, काळी वाळू, गाडीचं दार बिजागरीतून उखडणारा वारा. पण पर्यटक वाढले आणि 2015 पासून मोटारहोमनं ठरलेल्या तळावर किंवा जमीनमालकाच्या परवानगीनंच रात्र काढावी असा कायदा झाला. मला तो रास्त वाटतो. तिथलं शेवाळ एकदा तुडवलं की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. पाहुणचारालाही माणसांचा हिशेब असतो.

सध्या पहिल्या नंबरवर नॉर्वे आहे. लोफोटेनची बेटं, 1936 साली खुला झालेला अकरा वळणांचा ट्रोलस्टिगेन घाट, न मावळणारा सूर्य, हे सगळं आहेच. मला ओढ आहे ती 1957च्या कायद्याची. शेती किंवा कुंपण नसलेल्या रानात कुणीही तंबू ठोकू शकतो, जमीन कुणाचीही असो. जवळच्या राहत्या घरापासून 150 मीटर लांब राहायचं आणि सहसा दोन रात्रींहून जास्त थांबायचं नाही. गाड्यांना रानात शिरता येत नाही, त्यांनी रस्ता सोडायचा नाही. पण मूळ विचार केवढा मोठा! वाटसरूचा हक्क आधी आणि मालकाची हद्द नंतर. त्याच्या उलट दिशेला इंग्लंड-वेल्स. तिथे 2022च्या कायद्यानं, राहण्याच्या इराद्यानं गाडी घेऊन दुसऱ्याच्या जमिनीवर थांबणं आणि सांगूनही न हलणं हा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. हौशी मोटारहोमवाल्यांना त्याची झळ कमी; जिप्सी आणि ट्रॅव्हलर कुटुंबांना ती रोजची.

हे सगळं परदेशातलं ज्ञान पुण्यात एकदा कामाला आलं. आमच्या सोसायटीबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात घिसाडी कुटुंबं उतरली. जुना टेम्पो, ताडपत्री, भाता, विळे-कोयते शेकवण्याचं काम. दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडले: अस्वच्छता, सुरक्षितता, महापालिकेला कळवा. मी लिहिलं की लोक चार दिवस राहून, काम करून जातील. पाण्याचा नळ आणि फिरतं शौचालय मागूया, ते हटवण्यापेक्षा सोपं आहे. सेक्रेटरींनी उत्तर दिलं, “मॅडम, तुमचं मोटारहोममधलं फिरणं वेगळं आणि हे वेगळं.” यावर हसरे चेहरे बरेच आले. मी फरक शोधून पाहिला. माझ्याकडे पेन्शन होती, पासपोर्ट होता, भाड्याची चकचकीत गाडी होती. पण न्यूझीलंडमधल्या त्या गावांत मी स्वच्छ राहिले ती या कशामुळेही नाही. गावात शिरताच नळ कुठे आणि टाकी कुठे रिकामी करायची हे सांगणारी पाटी होती, म्हणून राहिले.