पत्र्याला कापड लावू देऊ नकोस

चिंचवड

चि. भाचीस,


दसऱ्याला हडपसरच्या शोरूममधून गाडी घरी येणार, हे वाचून फार बरं वाटलं. स्वतःच्या कमाईची पहिली गाडी. तू विचारलंस, शोरूमवाले धुऊन-पुसून, चकाचक करून देतो म्हणतात, तर करू द्यावं का? ज्याचा जन्म पेंट शॉपमध्ये गेला त्याला तू हे विचारलंस, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. आतून हवी तेवढी साफ करू देत. बाहेरून नुसतं पाणी मारू देत. पत्र्याला मात्र कापड लावू देऊ नकोस.

नव्या गाडीचा रंग कच्चा असतो म्हणून तिला जपायचं, असं लोक सांगतात. ते खरं नाही. कारखान्यात बॉडी आधी ई-कोटच्या टाकीत बुडते, मग प्रायमर, बेस कोट आणि शेवटी क्लिअर कोट. हा शेवटचा थर ओव्हनमध्ये साधारण 140 अंशांवर भाजतात. लाइनवरून गाडी उतरते तेव्हा रंग पूर्ण पक्का असतो. जपायचं ते त्याच्या जाडीसाठी. सगळे थर मिळून 100 ते 125 मायक्रॉन, त्यात वरचा पारदर्शक थर जेमतेम 40-50. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो, म्हणजे हा थर त्याहूनही पातळ. गाडीची सगळी झळाळी त्या थरात असते. त्यावरचा ओरखडा पॉलिशने जातो म्हणजे आजूबाजूचा थर तेवढा घासून खाली आणतात. गेलेला थर परत येत नाही.

आता तुझी गाडी कुठून येते ते बघ. शोरूममध्ये काचेआड उभी असते ती दाखवायची गाडी. तुझी ट्रेलरवरून येऊन यार्डात उघड्यावर उभी असते. हडपसरच्या बाजूला बांधकामं आणि सोलापूर रस्त्यावरची जड वाहतूक, त्यामुळे टपावर बारीक वाळूचा थर बसतो, त्यात कबुतरांची विष्ठा. त्यावर सुकं फडकं फिरवलं की वाळूचा प्रत्येक कण क्लिअर कोटवर रेघ ओढतो. उन्हात बघितलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात. डिटेलिंगवाले त्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. काळ्या गाडीवर त्या सर्वांत उठून दिसतात, आणि तू काळीच घेतली आहेस.

धुणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही, तूही देऊ नकोस. दसरा, पाडवा, अक्षय तृतीया या दिवशी मुहूर्त साधायला एकामागून एक गाड्या द्यायच्या असतात. तीच बादली, तेच फडकं, आणि मागून सेल्सवाल्याची घाई. फडकं खाली पडलं तर ते खळबळून घ्यायला तरी उसंत कुठे असते? पाणीही बहुधा बोअरचं किंवा टँकरचं, म्हणजे जड. ते उन्हात तापलेल्या पत्र्यावर वाळलं की क्षारांचे पांढरे डाग राहतात. तरी ते डाग मी पत्करीन. ताजे असताना ते निघतात.

धुण्याइतकंच, किंबहुना जास्त महत्त्वाचं म्हणजे गाडीची नोंदणी होण्याआधी पीडीआयला, म्हणजे डिलिव्हरीआधीच्या तपासणीला, तू स्वतः जा. एकदा तुझ्या नावावर नंबर पडला की बदलून मागणं फार अवघड. सकाळच्या उन्हात, सावलीत नव्हे, आधी नुसतं पाणी मारायला सांग आणि मग बघ. बंपर प्लास्टिकचा, त्याची छटा किंचित वेगळी वाटली तर घाबरू नकोस. पण दार आणि शेजारचं फेंडर यांच्या रंगात फरक दिसला, किंवा रबराच्या कडेला रंगाचे शिंतोडे दिसले, तर तो पत्रा पुन्हा रंगवला आहे का, हे सरळ विचार. चासी नंबर बिलाशी ताडून बघ आणि गाडी कोणत्या महिन्यात बनली तेही बघ. शोरूममधल्या दिव्यांखाली, नुकत्याच पॉलिश केलेल्या गाडीत यातलं काही दिसत नाही. म्हणूनच मला ती आयती चकाकी नको आहे.

कोटिंगचं पॅकेज तिथेच घेऊ नकोस. रेघा काढल्याशिवाय वर कोटिंग चढवलं तर त्या आतच राहतात. हवंच असेल तर नंतर, सवडीने, नीट बघून कर.

पूजा मात्र मनापासून करा. आजी म्हणेल बॉनेटवर स्वस्तिक काढा. तिला समोरच्या काचेवर काढू दे. काच कितीतरी कठीण असते, हळदीचा डाग तिच्यात मुरत नाही. अक्षता सुक्या पुसू नका, पाण्याने वाहून जाऊ देत. नारळ जमिनीवर फोडा, बंपरजवळ नको.

आणि हे सगळं तोंडी सांगू नकोस. 'बाहेरून फक्त पाणी, कापड-पॉलिश नाही' असं सेल्सवाल्याला मेसेजमध्ये लिही, आणि डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी फोन करून आठवण दे. वॉशिंगला नेताना किल्लीला चिठ्ठी बांधायला सांग, कारण गाडी धुणाऱ्यापर्यंत तुझा मेसेज पोचत नाही. घरी आल्यावर दोन बादल्या, गाडीचा शाम्पू आणि नवी मायक्रोफायबर कापडं घेऊन, उन्हं उतरल्यावर आपण दोघं धुऊ. कापडं मी घेऊन येतो.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा