आईचा सातबारा

जमिनीच्या वाटपाचा दावा भावाभावांत लागतो आणि त्याचा ताण बहुधा आईच्या अंगावर निघतो. आमच्या घरी हा दावा २०१५ साली उभा राहिला, तेव्हा आई चौऱ्याहत्तर वर्षांची होती. उमरगा तालुक्यातली वीस एकर वडिलोपार्जित जमीन आणि तिच्यात बारमाही पाण्याची एकच विहीर. वडील १९९९ मध्ये गेले. पुढे विहिरीच्या पाळीवरून दोघा भावांचे बिनसले आणि धाकट्याने दिवाणी न्यायालय गाठले. वाटपाच्या दाव्यात सर्व वारस समोर लागतात; त्यामुळे आम्ही दोघी बहिणी आणि आईही पक्षकार झालो. आईला दोन्ही मुलांचा प्रश्न एकच असे : तू कोणाच्या बाजूने?

तारखेच्या आदल्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागत नसे. पहाटेची एस. टी. गाठायची म्हणून न्याहारी राहून जाई. मधुमेहाची गोळी मात्र नेमाने घेतलेली असे. एकदा न्यायालयाच्या आवारातच तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. साखर उतरली होती. कोणीतरी गूळ दिला म्हणून निभावले आणि सुनावणी तर पुढच्या तारखेवर गेली. त्यानंतर मी तिला धाराशिवला माझ्याकडे आणले. ज्यांच्या घरी असे वृद्ध पक्षकार आहेत त्यांनी तारखेच्या दिवशीची गोळी आणि जेवण यांची वेळ डॉक्टरांना आधी विचारून ठेवावी, डबा आणि थोडी साखर जवळ बाळगावी.

जबानीचे मात्र वेगळे करता आले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नुसार आजारपणामुळे वा अशक्तपणामुळे न्यायालयात येऊ न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष कमिशनर नेमून घेता येते. वैद्यकीय प्रमाणपत्रासह अर्ज केला, तो मंजूर झाला. आईची उलटतपासणी आमच्या ओसरीत, तिच्या खाटेवर झाली. मध्ये तिने दोनदा पाणी मागितले आणि एकदा वकिलांनाच चहा विचारला!

तिथेच तिने प्रथम विचारले, ‘‘माझं स्वतःचं काही आहे का यात?’’

हा प्रश्न जुना आहे. सांगलीच्या न्यायालयात हिराबाई मगदूम यांनी तोच विचारला होता. पती खंडाप्पा १९६० मध्ये वारले. मागे त्या, दोन मुलगे व तीन मुली. खालच्या न्यायालयाने त्यांचा हिस्सा चोविसावा ठरवला. हिराबाईंचे म्हणणे असे की, पतीच्या हयातीतच वाटप झाले असते तर पती, पत्नी व दोन मुलगे यांना चौथाई-चौथाई मिळाली असती. ती चौथाई माझी आहेच, शिवाय पतीच्या चौथाईतला सहावा भागही माझा. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ते मान्य केले : चोविसांपैकी सात भाग.

आमच्या बाबतीत ११ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर मुलीही जन्मतः सहदायाद ठरल्या. वकिलांनी हिशेब मांडला तेव्हा आई व चार भावंडे, प्रत्येकाच्या वाट्याला पाचवा हिस्सा आला. म्हणजे चार-चार एकर. हक्कसोडपत्राची बोलणी त्या दिवसापासून थांबली. थोरला भाऊ महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मला त्याचा राग आला नाही असे म्हणणार नाही. पण वीस वर्षे त्या मातीत तोच राबला होता, हेही खरे.

शेवटी २०२२ च्या लोकअदालतीत तडजोड झाली. तिच्या निवाड्याला हुकूमनाम्याचेच बळ असते, त्यावर अपील नाही आणि भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. विहीर सामाईक राहिली, पाण्याच्या पाळ्या कागदावर आल्या. आम्ही बहिणींनी आमचे हिस्से भावांकडे कसायला ठेवले, नावे मात्र कायम ठेवली. आईने आपल्या चार एकरांवर कोणाचाही शब्द ऐकला नाही.

मोजणी झाली, फेरफार नोंदला गेला. सातबाऱ्यावर स्वतःचे नाव तिने एक्क्याऐंशीव्या वर्षी प्रथम पाहिले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. आता ती रात्री झोपते. रक्तदाबाची गोळी चालूच आहे. जमीन धाकट्याला बटईने दिली असून पेरणीचा हुकूम तिचाच चालतो : विहिरीकडच्या पट्ट्यात ज्वारीच. सोयाबीनला तिचा अजूनही विरोध आहे.